गाणे न वाचताच दिलेली शिक्षा

राजसत्ता आणि धर्मसत्ता एकमेकींच्या आधाराने उभ्या राहिल्या की गाणाऱ्यांच्या गळ्यावर पहिला हात पडतो. रशियातील 'पुसी रायट' या पंक रॉक गटाच्या तरुणींवरील खटला हा त्याचा ढळढळीत पुरावा आहे. गाणे संपले, पण त्यातून निघालेला कायद्याचा प्रश्न संपलेला नाही. म्हणून तो खटला आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

पंक हे काही उच्चभ्रूंच्या मैफलीतले संगीत नव्हे. गळ्याची तयारी नसली तरी चालेल, पोटात संताप हवा, असे हे गाणे. २१ फेब्रुवारी २०१२ रोजी पाच तरुणी रंगीत टोप्यांनी चेहरे झाकून मॉस्कोच्या 'ख्राइस्ट द सेव्हियर' या कॅथेड्रलमध्ये वेदीसमोर उभ्या राहिल्या. जेमतेम मिनिटभरात रखवालदारांनी त्यांना हटवले. त्याच दिवशी, दुसऱ्या चर्चमध्ये आधी घेतलेली दृश्ये जोडून गाण्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली. 'पंक प्रार्थना' हे तिचे नाव. पुतिनला हाकलून दे, असे साकडे त्यात मरियम मातेला घातले होते. त्याच महिन्यात चर्चचे प्रमुख किरील यांनी पुतिन यांच्या कारकिर्दीला ईश्वरी चमत्कार ठरवले होते आणि ४ मार्चला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. मग गाण्याचा रोख कोणावर होता, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

परंतु तज्ज्ञ आणले गेले. पहिल्या दोन अहवालांत धर्मद्वेष सापडला नाही. म्हणून तिसरा मागवला, त्यात तो सापडला! मारिया अल्योखिना, नादेझ्दा तोलोकोन्निकोवा आणि येकातेरिना सामुत्सेविच या तिघींना कोठडीत ठेवून खटला चालवला. पहिल्या दोघी लहान मुलांच्या आया. काचेच्या पिंजऱ्यात पोलिसांच्या गराड्यात बसवल्यामुळे त्यांना आपल्या वकिलाशी खासगीत बोलणेही अशक्य झाले. १७ ऑगस्ट २०१२ रोजी 'धार्मिक द्वेषातून गुंडगिरी' या आरोपाखाली प्रत्येकी दोन वर्षे कैद झाली. ऑक्टोबरमध्ये अपिलात सामुत्सेविच यांची शिक्षा स्थगित झाली. उरलेल्या दोघी डिसेंबर २०१३ मध्ये माफीने सुटल्या. दरम्यान चित्रफीतही 'अतिरेकी' ठरवून तिच्यावर बंदी घातली गेली आणि त्या सुनावणीत गाणाऱ्यांनाच बाजू मांडू दिली नाही.

१७ जुलै २०१८ रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने रशियाला दोषी धरले. प्रार्थनास्थळाचे नियम मोडल्याबद्दल काही कारवाई समजू शकते, पण तुरुंगवास हा अतिरेक आहे, असे त्याने म्हटले. त्याहून महत्त्वाचे दुसरे निरीक्षण आहे. रशियन न्यायालयांनी गाण्याच्या शब्दांची छाननीच केली नव्हती! कपडे, टोप्या, हातवारे यांवरून द्वेष सिद्ध झाला. शब्द तपासले असते तर पुतिनचे नाव समोर आले असते आणि धर्माचा बुरखा गळून पडला असता. सप्टेंबर २०२२ पासून रशिया त्या न्यायालयाच्या करारातूनच बाहेर आहे. म्हणजे तो दरवाजाही बंद झाला.

आपल्याकडे धर्मभावना दुखावण्याचा गुन्हा १९२७ पासून भारतीय दंड संहितेच्या कलम २९५-अ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये आहे. जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतू हा त्याचा गाभा. १९५७ च्या रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या हेतूच्या अटीवर बोट ठेवूनच हे कलम वैध ठरवले. हेतू शोधायचा तर शब्द वाचावेच लागतात.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. कोणत्याही गायकावर, शाहिरावर असा गुन्हा दाखल झाला, तर चळवळीतील वकिलांनी पहिल्याच तारखेला संपूर्ण गाणे न्यायालयाच्या कागदपत्रांत दाखल करावे. तुकडे नकोत, भावना दुखावल्याचे नुसते जबाब नकोत. भावना कोणाच्या दुखावल्या, हे फिर्यादी सांगेल. खुर्ची कोणाची हलली, हे गाणेच सांगेल.