गोणींचे गणित

माहिती तंत्रज्ञान शिकलेला मुलगा दुकानाला पारखा होतो, ही रत्नागिरीतील व्यापारी घरांची धास्ती. मुंबई विद्यापीठाच्या २०१६ च्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात मात्र अंतिम वर्षाला सर्व शाखांसाठी ‘ऑपरेशन्स रिसर्च’ हा ऐच्छिक विषय होता. येथील फिनोलेक्स अकॅडमी याच विद्यापीठाशी संलग्न. औद्योगिक अभियांत्रिकीच्या या विषयात साठ्याचे सूत्र शिकवतात. ते फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडले.

समजा, वर्षाला तांदळाच्या १२०० गोणी खपतात. प्रत्येक खेपेचा खर्च ६०० रुपये, गोणी वर्षभर सांभाळण्याचा, व्याज धरून, १०० रुपये. सूत्रानुसार खेपेला १२० गोणी मागवाव्यात. वडिलांनी सवयीने ३०० भरल्यास वार्षिक खर्च १२,००० वरून १७,४०० रुपयांवर जातो. कॅश क्रेडिटचे व्याज मुकाट्याने चढते!

अर्थात, सूत्र खप बारमाही सारखा मानते. पावसाळ्यात आंबा घाटात दरड कोसळली, तर किती गोणी आधीच भराव्यात, हे मुलाने वडिलांनाच विचारावे.