दैनंदिन केशनिगा, उष्ण साधने आणि सलूनमधील प्रक्रिया : एक शास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ग्रामव्यवस्थेत नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक महत्त्वाचा घटक होता. धोकटीत वस्तरा, कात्री, कंगवा व आरसा घेऊन तो घरोघर जात असे आणि त्याच्या कामाचा मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने मिळत असे. नागरीकरणाबरोबर धोकटीची जागा केशकर्तनालयाने घेतली आणि पुढे केशकर्तनालयाचे सलून झाले. आज तालुक्याच्या गावीही ड्रायर, स्ट्रेटनर, केसांचे रंग, रिबाँडिंग आणि 'केरॅटिन ट्रीटमेंट' या गोष्टी परिचयाच्या झाल्या आहेत. लग्नसराईत आणि महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांच्या दिवसांत त्यांचा वापर विशेषत्वाने दिसून येतो.

या व्यवहाराबरोबर एक विशिष्ट भाषाही रूढ झाली आहे. केसांना 'पोषण' मिळते, दुभंगलेली टोके 'बरी' होतात, केसांना 'नवजीवन' प्राप्त होते, अशी विधाने जाहिरातींत आणि सलूनमध्ये सहज ऐकू येतात. या सर्व विधानांच्या मुळाशी केस सजीव आहे हे गृहीतक असते. वस्तुतः त्वचेच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो. सजीव असते ती त्याखालील त्वचा आणि त्यावर काम करणारा माणूस. हा भेद लक्षात घेतल्यास केशनिगेतील कोणती कृती उपयुक्त, कोणती निरर्थक आणि कोणती घातक याचा निर्णय करणे पुष्कळ सुलभ होते. प्रस्तुत लेखात या भेदाच्या आधारे दैनंदिन केशनिगेचे विवेचन केले आहे.

केसाची रचना

केसाची निर्मिती त्वचेत काही मिलिमीटर खोल असलेल्या केशकूपात होते. तेथील पेशी वेगाने विभाजित होतात, वर ढकलल्या जातात, केरॅटिन या प्रथिनाने भरतात आणि पृष्ठभागावर येण्यापूर्वीच मृत होतात. केसाला रक्तपुरवठा नसतो व चेतातंतूही नसतात; म्हणूनच केस कापताना वेदना होत नाहीत. जखम भरून काढणारी यंत्रणाच अस्तित्वात नसल्यामुळे एकदा दुभंगलेला केस पुन्हा सांधला जात नाही. कंडिशनर व सीरम यांमुळे तो काही काळ गुळगुळीत भासतो, परंतु ते लेपन असते, उपचार नव्हे. दुभंगलेल्या टोकांवरील खरा उपाय कात्री हाच होय.

डोक्यावर साधारणपणे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, नंतर सुमारे तीन महिने विश्रांतीच्या अवस्थेत राहून गळून पडतो. त्यामुळे दररोज ५० ते १०० केस गळणे ही नैसर्गिक बाब आहे. केसाची वाढ महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर होते. तृतीय वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थिनीचे केस ३० सेंटिमीटर लांब असतील, तर त्यांची टोके ती प्रथम वर्षात असताना त्वचेबाहेर आलेली असतात. तेव्हापासूनचे ऊन, प्रत्येक धुणे, प्रत्येक विंचरणे आणि प्रत्येक रासायनिक प्रक्रिया यांचा परिणाम त्या टोकांवर साचलेला असतो.

केसाच्या बाहेरच्या बाजूस कौलांप्रमाणे एकावर एक रचलेल्या खवल्यांचे कवच असते. त्याच्या आत केसाला बळकटी व रंग देणारा मुख्य स्तर असतो. या स्तरातील केरॅटिनचे रेणू परस्परांशी प्रामुख्याने दोन प्रकारच्या बंधांनी जोडलेले असतात. हायड्रोजन बंध दुर्बल असून पाण्याने तुटतात व केस वाळताच पुन्हा जुळतात. गंधकाच्या अणूंमधील डायसल्फाइड बंध मात्र बळकट असतात आणि ते तोडण्यासाठी रसायन लागते. ओल्या केसांची वेणी घातल्यावर सकाळी दिसणारी वळणे पुढच्या न्हाण्यापर्यंतच का टिकतात आणि रिबाँडिंगचा परिणाम कित्येक महिने का राहतो, याचे उत्तर या दोन बंधांतील फरकात आहे.

धुणे आणि तेल

शिकेकाई व रिठा यांमध्ये सॅपोनिन हे फेस निर्माण करणारे नैसर्गिक घटक असतात. शाम्पूतील निर्मलक हेच कार्य अधिक प्रभावीपणे करतात. 'शाम्पू' हा शब्द मूळचा भारतीय असून चांपणे, म्हणजे चेपणे वा मर्दन करणे, या अर्थाच्या हिंदी क्रियापदापासून तो इंग्रजीत गेला. त्याचा आजचा अर्थ पुढे रूढ झाला. अंगाचा साबण केसांना लावणे इष्ट नाही, कारण विहिरीच्या अथवा कूपनलिकेच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी त्याचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि केस राठ होतात. शाम्पूचे कार्य मुख्यतः त्वचेवरील तेल व मळ काढण्याचे असल्यामुळे तो टाळूला चोळावा; कंडिशनरचे कार्य केसांमधील घर्षण कमी करण्याचे असल्यामुळे तो केसांच्या लांबीवर, विशेषतः टोकांकडे लावावा.

न्हाण्यापूर्वी खोबरेल तेल लावण्याच्या परंपरेला प्रयोगाचा आधार लाभला आहे. २००३ मध्ये मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल व खनिज तेलांची तुलना करण्यात आली. त्यांपैकी केवळ खोबरेल तेलाने धुताना होणारी प्रथिनांची हानी लक्षणीय प्रमाणात कमी केली. या तेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकतात, असे स्पष्टीकरण देण्यात आले. ही कंपनी स्वतः खोबरेल तेलाची विक्री करते, ही बाबही निष्कर्षाचा विचार करताना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

तथापि, जे केसाला उपकारक ते टाळूलाही उपकारक असेलच असे नाही. कोंड्याशी संबंधित मॅलॅसेझिया ही बुरशी त्वचेवरील तेलकट स्रावावर वाढते. कोंडा म्हणजे कोरडेपणा असे समजून टाळूवर रात्रभर तेल ठेवल्यास विकार बळावण्याची शक्यता असते. येथे तेल नव्हे तर कीटोकोनॅझोलसारखे बुरशीरोधक घटक असलेला शाम्पू उपयोगी पडतो.

उष्ण साधने

तापविलेल्या चिमट्याने केसांना लाटांचा आकार देण्याची पद्धत पॅरिसमधील मार्सेल ग्रातो याने १८७२ च्या सुमारास लोकप्रिय केली. कार्ल नेस्लर या जर्मन केशरचनाकाराने १९०६ मध्ये लंडन येथे उष्णता व अल्कली यांच्या साहाय्याने कायमची वळणे देण्याचे प्रात्यक्षिक केले. त्याच्या आरंभीच्या प्रयोगांत त्याच्या पत्नीचे केस जळाले होते. साधने बदलली, पण उष्णतेचा मूलभूत धोका बदललेला नाही.

कोरड्या केसातील केरॅटिनची रचना साधारणपणे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे कोलमडू लागते. ओल्या केसात हीच क्रिया त्याहून बऱ्याच कमी तापमानाला घडते. शिवाय ओल्या केसावर तापलेला स्ट्रेटनर फिरवल्यास आतील पाण्याची एकदम वाफ होऊन केसात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात. असा केस त्या ठिकाणी तुटतो. स्ट्रेटनर लावताना येणारा 'चर्र' असा आवाज ही केस वाळल्याची नव्हे, तर हानी होत असल्याची खूण समजावी.

ड्रायरविषयी मात्र सरसकट भीती बाळगण्याचे कारण नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कोरियन अभ्यासात ड्रायर १५ सेंटिमीटर अंतरावर धरून सतत हलता ठेवल्यास केसाच्या आतील पेशीबंधक थराची हानी नैसर्गिकरीत्या वाळवलेल्या केसांपेक्षा कमी आढळली. केस दीर्घकाळ ओला राहणे हेदेखील त्या थराला अपायकारक असते. मात्र ड्रायर अगदी जवळ धरल्यास कवचाची हानी वाढते. म्हणजेच साधन वर्ज्य नसून अंतर, तापमान व वेळ यांचे तारतम्य महत्त्वाचे आहे.

रंग आणि सरळीकरण

केसांच्या बहुतेक कायमस्वरूपी काळ्या रंगांत पॅराफिनिलीनडायअमाइन हा पदार्थ असतो. मृत केसाला त्याचे काही वाटत नाही, परंतु सजीव त्वचेवर त्याची तीव्र ॲलर्जी उद्भवू शकते. पहिल्या वापरात त्रास न झालेल्या व्यक्तीला पुढील वापरात पुरळ, सूज व फोड येऊ शकतात. म्हणून वेष्टनावरील सूचनेनुसार कानामागे थोडा रंग लावून पूर्वचाचणी घेणे आवश्यक ठरते. ४८ तास वाट पाहणे अधिक सुरक्षित होय. हा रंग भुवया वा पापण्यांना कदापि लावू नये. 'काळी मेंदी' या नावाने विकल्या जाणाऱ्या उत्पादनांतही हेच रसायन असू शकते. शुद्ध मेंदीचा रंग तांबूस असतो, काळा नव्हे.

सरळीकरणाच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. रिबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेटसारख्या रसायनाने डायसल्फाइड बंध तोडले जातात, केस सरळ केले जातात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने बंध नव्या स्थितीत पुन्हा जोडले जातात. 'केरॅटिन ट्रीटमेंट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनेक प्रक्रियांत मात्र फॉर्माल्डिहाइड वा ते मुक्त करणारे घटक केरॅटिनचे रेणू जखडून ठेवतात. तापलेला स्ट्रेटनर फिरताच ते वायुरूपाने बाहेर पडते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा विभागाने २०११ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात 'फॉर्माल्डिहाइडमुक्त' असे लिहिलेल्या उत्पादनांतही ते आढळल्याचे नमूद केले होते.

अमेरिकेतील ३३,४९७ स्त्रियांच्या सुमारे अकरा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार सरळीकरणाची उत्पादने कधीही न वापरणाऱ्या स्त्रियांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ती ४.०५ टक्के होती. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे. तरीही तो दुर्लक्षणीय नाही.

फॉर्माल्डिहाइडला पर्याय म्हणून आलेले ग्लायऑक्सिलिक आम्लही निर्धोक ठरलेले नाही. २०२४ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्समधील डॉक्टरांनी एका २६ वर्षीय तरुणीची नोंद प्रसिद्ध केली. २०२०, २०२१ व २०२२ मध्ये केस सरळ करून घेतल्यानंतर तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला तीव्र इजा झाली होती. प्रक्रियेच्या वेळी तिच्या टाळूची आग होत असे व तेथे व्रणही झाले होते. तेच उत्पादन उंदरांच्या त्वचेवर लावले असता त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक आढळले. केसासाठी वापरलेले रसायन त्वचेवाटे शरीरात पोहोचू शकते, हे या नोंदीवरून ध्यानात येते.

सलूनमधील श्रमिक

ग्राहक वर्षातून एकदोनदा ज्या वाफेत बसतो, त्या वाफेत सलूनमधील कारागीर दिवसभर उभा असतो. वातानुकूलनासाठी दारे बंद ठेवलेल्या छोट्या खोलीत वायुवीजन नसते. सतत ओले राहणारे हात, शाम्पू, रंग व ब्लीच यांमुळे हातांचा इसब हा या व्यवसायातील सर्वत्र आढळणारा विकार आहे. केशकर्तन व्यवसायातील संपर्क मानवात संभवतः कर्करोगकारक असल्याचे मत उपरोक्त आंतरराष्ट्रीय संस्थेने नोंदविले आहे. केशनिगेच्या चर्चेत ग्राहकाच्या केसाला जे स्थान मिळते, ते कारागिराच्या फुप्फुसांना व हातांना अभावानेच मिळते.

आपण जे काम करतो त्याचा परिणाम काय, असा प्रश्न विचारण्याची परंपरा या व्यवसायाला आहे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. उत्पन्नावर पाणी सोडून घेतलेला तो नैतिक निर्णय होता. नजीकच्या काळातही या व्यवसायाने बदल स्वीकारल्याचे दिसते. २०२० च्या टाळेबंदीनंतर राज्यात २८ जूनपासून सलून मर्यादित स्वरूपात सुरू झाले, तेव्हा मुखपट्टी, हातमोजे व खुर्चीची प्रत्येक ग्राहकानंतर स्वच्छता या गोष्टी अल्पावधीत अंगवळणी पडल्या. प्रत्येक दाढीला नवे पाते वापरल्यास हिपॅटायटिस बी व सी यांचा प्रसार टळतो; कंगवे व यंत्रे निर्जंतुक ठेवल्यास टाळूच्या नायट्याला आळा बसतो. ज्या व्यवसायाने ती शिस्त आत्मसात केली, त्याला हातमोजे व खेळती हवा यांची शिस्त कायम ठेवणे अशक्य नाही. मात्र त्यासाठी ग्राहकानेही खिडकी उघडण्याचा आग्रह धरला पाहिजे आणि डब्यावरील घटकांची यादी मागितली पाहिजे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. त्वचेबाहेरील केस निर्जीव असल्याने केशनिगेचे खरे स्वरूप दुरुस्तीचे नसून हानी टाळण्याचे आहे.

२. न्हाण्यापूर्वीचे तेल, सौम्य धुणे, कंडिशनर व योग्य अंतरावरील ड्रायर ही अल्पखर्ची साधने बहुतेकांना पुरेशी ठरतात.

३. रंग व सरळीकरण यांचा विचार केसाच्या नव्हे, तर त्वचा, श्वसन व अंतर्गत अवयव यांच्या दृष्टीने करणे आवश्यक आहे. प्रक्रियेच्या वेळी डोळे वा टाळू यांची आग होणे ही प्रक्रिया तत्काळ थांबविण्याची सूचना होय.

४. सलूनमधील सुरक्षिततेचा पहिला लाभार्थी तेथील कारागीर आहे.

रसायनशास्त्रातील बंध, जीवशास्त्रातील त्वचा, समाजशास्त्रातील बलुतेदारी आणि अर्थशास्त्रातील असंघटित श्रम हे सर्व विषय सलूनच्या एका खुर्चीभोवती एकत्र येतात. विद्यार्थ्यांच्या रोजच्या अनुभवातील हे उदाहरण वर्गात आणल्यास, दुकानातील डब्यावरील दाव्याकडे चिकित्सकपणे पाहण्याची सवय त्यांना लागेल आणि आपल्या केसांवरून हात फिरवणाऱ्या माणसाच्या आरोग्याचाही ते विचार करतील.