जीवशास्त्राच्या शोधनिबंधासाठी विषय कसा निवडावा?



जीवशास्त्रावर शोधनिबंध लिहावयास सांगितला, की ‘कर्करोग’, ‘प्रदूषण’, ‘मलेरिया’ अशी शीर्षके पुढे येतात. विषय भव्य असतात. परंतु त्यांवर विद्यार्थ्याला स्वतःचे असे काहीच सांगता येत नाही. मग उतारे जमविले जातात, चित्रे चिकटविली जातात आणि सुवाच्य अक्षरांतील तो गठ्ठा गुणांपुरता उरतो. यात दोष बहुधा विद्यार्थ्याच्या कुवतीचा नसून विषयाच्या निवडीचा असतो.

निवडीचा उत्तम वस्तुपाठ बाबासाहेबांनी घालून दिला आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. जात हा विषय अफाट. तथापि त्यांनी जातीविषयी सर्व काही सांगण्याचा अट्टहास केला नाही. जातीचे मूलभूत लक्षण कोणते, हा प्रश्न त्यांनी धरला. जातीतल्या जातीतच विवाह करण्याचे बंधन हे ते लक्षण, असे त्यांनी दाखविले आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथांचा त्या बंधनाशी असलेला संबंध क्रमाने उलगडला. शास्त्र कोणतेही असो, रीत हीच.

आता ‘मलेरिया’ हाच विषय घेऊ. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात मलेरियाच्या परजीवीचे अस्तित्व आढळले. ही माहिती पुस्तकात आहे. तिची नक्कल म्हणजे संशोधन नव्हे. विषय थोडा अरुंद करू : ‘आपल्या परिसरातील डासांची उत्पत्ती’. अजूनही तो पसरटच आहे. आणखी एक पायरी उतरू : ‘वसतिगृहातील झाकलेल्या व उघड्या पाणीसाठ्यांत डासांच्या अळ्यांच्या संख्येत किती फरक आढळतो?’ आता हा प्रश्न झाला. त्याला उत्तर आहे आणि ते मोजून मिळते.

साधने कोणती लागतील? एक पळी, एक पांढरी थाळी, वही आणि घड्याळ. प्रत्येक साठ्यातून तीच पळी, तितक्याच वेळा, ठरलेल्या वेळी भरावी आणि अळ्या मोजाव्यात. अन्यथा तुलना व्यर्थ ठरते. अळी पृष्ठभागाला समांतर पडून राहिली असेल, तर ती बहुधा ॲनोफिलीसची. डोके खाली करून तिरकी लोंबत असेल, तर क्युलेक्स किंवा एडिसची. हा भेद नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून मोजणी संपताच ते पाणी ओतून द्यावे. एडिसची अंडी कोरड्या भांड्यालाही चिकटून महिनोन्‌महिने टिकतात, यास्तव भांडे घासून वाळवावे. असा निबंध वसतिगृहाच्या आरोग्यासही उपकारक ठरेल.

विषय पक्का करण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. उत्तर मोजता अथवा पाहता येईल काय? हाताशी असलेल्या साधनांत व मुदतीत ते साधेल काय? आपला अंदाज चुकीचा ठरण्याची शक्यता आहे काय? आणि या शोधात कोणाचा अवमान किंवा अपाय तर होणार नाही ना?

तिसऱ्या प्रश्नाचे मूळ तथागतांनी कालामांना केलेल्या उपदेशात आहे. केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतात म्हणून स्वीकारू नका. पारखून घ्या, असे त्यांनी सांगितले. ज्याचे उत्तर आधीच ठरले आहे, तो विषय परीक्षेला उतरत नाही. झाकलेल्या टाकीतही अळ्या सापडल्या, तर ते लपवू नये. झाकणाला फट आहे काय, हे पाहावे. तेथून नवा प्रश्न सुरू होतो.

चौथा प्रश्न आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. विदर्भातील अनेक दलित व आदिवासी कुटुंबांत सिकल सेल हा रक्तविकार आढळतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. विषय निकडीचा आहे. परंतु ‘आपल्या वर्गात किती वाहक आहेत’ हा शालेय निबंधाचा प्रश्न होऊ शकत नाही. सोबत्याच्या रक्ताची माहिती त्याची स्वतःची असते. ती उघड झाल्यास त्याला, विशेषतः मुलींना, विवाहाच्या वेळी अकारण दूषण सोसावे लागते. त्याऐवजी दोन रंगांचे मणी घेऊन आनुवंशिकतेचा खेळ मांडावा : दोन डब्यांतून न पाहता एकेक मणी काढावा, जोडी नोंदवावी आणि मणी परत टाकावेत. असे शंभर वेळा करून पाहावे. पंचवीसच्या आसपास येणारा आकडा केव्हा पंचवीस का नसतो, हे लिहावे. शास्त्रही साधेल, प्रतिष्ठाही राहील.

ज्यांच्या पूर्वजांना अक्षर नाकारले गेले, त्यांच्या लेकरांनी केवळ इतरांचे ज्ञान उतरवून घेण्यात समाधान मानू नये. लहान का होईना, स्वतः विचारलेला आणि स्वतः पारखलेला एक प्रश्न आपल्या वहीत असावा. विषय निवडताना एवढे ध्यानात ठेवले, तरी पुष्कळ झाले.