पाखरांसाठी दोन दिवस

मैत्रिणींनो, थंडीतला शनिवार-रविवार म्हणजे गाद्या उन्हात घालायचा, हो ना? यंदा त्या तशाच ठेवून आम्ही भिगवणला गेलो. सासूबाई म्हणाल्या, "पाखरं बघायला एवढ्या लांब?"

शनिवारी पहाटे इंदापूर तालुक्यातला कडबनवाडीचा माळ गाठला. आधी दिसलं नुसतं वाळलेलं गवत! मग त्यातूनच धाविक तुरुतुरु पळाला, वर भोवत्या घिरट्या घालू लागला, लांबवर चिंकारा थबकली. पुस्तकात पाहून लेकीनं विचारलं, "आई, माळढोक कुठाय?" काय सांगणार? त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं. पण माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, आणि आज महाराष्ट्रात तो दिसणंच दुर्मीळ झालंय. 'पडीक' म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, ते कुणाचं तरी घर असतं, बायांनो!

रविवारी उजनी जलाशयात नावेतून फिरलो. उथळ पाण्यात रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून खाणं गाळून घेत होते. आपण पीठ चाळतो ना, अगदी तसंच! हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंबही दिसले.

तुम्ही गेलात तर मातकट रंगाचे कपडे घाला. दशम्या, चटणी, पाणी घरूनच न्या. दुर्बीण एक असली तरी पाळीपाळीनं पुरते. आणि नावाड्याला थव्यात नाव घालायला मुळीच सांगू नका. पाखरं उगाच उडतात, दमतात.

घरी आल्यावर लेकीनं आजीला सगळं सांगितलं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मलाही न्या गं!"

गाद्यांचं काय, पुढचा रविवार आहेच.