घरातले डोळे (लेखांक ४): मामाला लागणारा चकवा

दिवेलागणीची वेळ. अंगणात क्रिकेट रंगलंय, आणि आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला पायाशी आलेला चेंडू सापडत नाही. बाकीच्या पोरांना अजून सगळं दिसतंय. घरात शिरताना तो उंबऱ्यापाशी ठेवलेली बादली लाथाडतो, आई ‘धांदरट कुठला’ म्हणून करवादते. आणि आजी सहज बोलून जाते, ‘याचा मामा असाच होता. तिन्हीसांजेला शेतातून एकटा यायचा नाही. चकवा लागायचा त्याला.’

हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर जायला हवं. बहुतेकदा ते स्वयंपाकघरातच विरतं.

रातांधळेपणा म्हटलं की आपण गाजर, पपई, शेवग्याच्या पाल्याकडे वळतो, आणि त्यात चूक काही नाही. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं तरी रात्री दिसत नाही, आणि ते भरून काढलं की दिसू लागतं. पण खाऊनपिऊन नीट असलेल्या घरात, दोन पिढ्यांत तीच तक्रार असेल, तर गाजरावर विसंबून वर्षं घालवू नयेत. ‘रेटिनायटिस पिगमेंटोसा’ या आनुवंशिक आजाराची शक्यता तिथे तपासावी लागते. घरोघरी त्याला नुसतं ‘आरपी’ म्हणतात. जगभरात साधारण चार हजार माणसांत एकाला तो असतो. आपल्या देशातल्या काही पाहण्यांत प्रमाण याहून बरंच जास्त आढळलं आहे.

डोळ्याच्या पडद्यावर मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे बारा कोटी असतात, रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी साठ लाखांच्या आसपास. आरपीत आधी दंडपेशी मरतात. त्या पडद्याच्या कडेकडेला जास्त, म्हणून नजर कडेकडून आत आक्रसत येते. त्यामुळेच फसगत होते: तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्या माणसाला ताटाशेजारचा पाण्याचा पेला दिसत नाही. ‘सोंग करतो’ हे ऐकून घेतलं नाही असा आरपीचा रुग्ण मला अजून भेटायचा आहे. कायद्याला मात्र ही गोष्ट कळली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दृष्टीचं क्षेत्र १० अंशांहून कमी उरलं, तर अक्षरं वाचता येत असली तरी ते अंधत्वच धरतात.

आता मामाकडे वळू. आरपी घराण्यात तीन वाटांनी उतरतो. एका वाटेत आई किंवा वडील, दोघांपैकी एकाकडून आलेला एकच सदोष जनुक पुरतो, आणि प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. दुसऱ्या वाटेत आईवडील दोघंही ठणठणीत, पण दोघांकडे एकेक सदोष प्रत, आणि प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. तिसरी वाट एक्स गुणसूत्राची. हिच्यात आजार मुलग्यांना जास्त गाठतो, आणि तो पोचवतात बहुतेक धडधाकट दिसणाऱ्या बायका. आजारी बापाच्या सगळ्या मुली वाहक होतात, मुलग्याला त्याच्याकडून तो येत नाही. मामा आणि भाचा, मधे निरोगी आई, हे या वाटेचं नेहमीचं चित्र.

आणि इथे आपल्या वंशावळी तोकड्या पडतात. घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत काढा, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपड्या उघडा. पणजोबांपर्यंत पुरुषांची नावं मिळतील. मुलगी लग्न होऊन गेली की तिची ओळ तिथेच तुटते, तिच्या मुलांचं नाव नाही. आजार नेमका त्याच तुटलेल्या ओळीवरून पुढे सरकलेला असतो.

वाहक आईच्या पडद्यावर कधीकधी सोनेरी झाक दिसते, जरीच्या काठावर उजेड पडावा तशी. तिची नजर चांगली असते, किंवा अंधारात जरा कमी. पण निदानाचा कागद हाती आला की सासरचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आमच्यात नव्हतं हे.’ सदोष जनुक कुणी निवडून घेत नाही, हे त्या बैठकीत डॉक्टरांनी सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगावं. माझ्या मते औषधाच्या चिठ्ठीइतकंच ते गरजेचं आहे.

आपली आणखी एक गंमत. सगोत्र नको म्हणून चांगलं स्थळ मोडणाऱ्या देशात मामाची मुलगी हक्काची मानणारी घरं भरपूर आहेत. गोत्र बापाकडून मोजतात, जनुकं दोन्हीकडून येतात. सख्ख्या मामे-आतेभावंडांत आठवा हिस्सा जनुकं सामायिक असतात, आणि दुसऱ्या वाटेचा धोका अशा लग्नांत वाढतो.

जनुक तपासणी रक्ताच्या नमुन्यावर होते. ती आजारी माणसाची आधी करावी, त्याच्यात दोष सापडला की बाकीच्यांचा शोध सोपा होतो. मात्र तपासणीआधी आणि नंतर जनुकीय समुपदेशकाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये. कसलाही त्रास नसलेल्या बारा वर्षांच्या बहिणीची वाहक म्हणून तपासणी करण्याची घाई कशाला? अठराव्या वर्षी तिचं ती ठरवेल. नको म्हणाली, तर तोही तिचा हक्क.

उपचाराबद्दल खरं तेच सांगतो. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत एका जनुकोपचाराला मान्यता मिळाली, पण तो आरपीई६५ या एकाच जनुकातल्या दोषावर चालतो, आणि दोन डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवली गेली. बाकी बहुतेकांसाठी आज हाती असलेलं साधं आहे: आरपीत लवकर येणारा मोतीबिंदू काढता येतो, पडद्याच्या मध्यावरची सूज औषधांनी बरेचदा उतरते. म्हणून ‘यावर इलाज नाही’ ऐकून तपासणी सोडू नका. आणि मूळपेशींच्या इंजेक्शनने हमखास दृष्टी देतो म्हणणाऱ्याला लाखभर रुपये देण्याआधी एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात दाखवा. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेच्या गोळ्याही मनाने सुरू करू नका. काही जनुकदोषांत त्या घातक ठरतात.

येत्या भाऊबीजेला आत्या, मावश्या, बहिणी घरी येतील. फराळ झाला की एक मोठा कागद घ्या आणि सगळ्यात वयस्कर बाईला विचारा: संध्याकाळनंतर कुणाला दिसायचं नाही, कुणाला चकवा लागायचा, कुणाला कमी ऐकू यायचं? हो, ऐकण्याचंही विचारा, काही प्रकारांत कानही जातात. आणि कागदावर सासरी गेलेल्या मुलींची नावं आधी लिहा.