लकव्यानंतरचं घर – भाग ५ : मनासाठी सुई?

हात उचलतो का, पाय टेकतो का, तोंड सरळ झालं का, हे भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो. सेनगाव तालुक्यातलं गोरेगाव असो की हिंगोली जिल्ह्यातलं दुसरं कुठलं गाव, अंगावरून वारं गेलेल्या माणसाच्या बाजेभोवती चौकशी होते ती अंगाची. तो दोन घास खाऊन ताट सरकवतो, पहाटे तीनलाच जागा होऊन आढ्याकडे बघत पडतो, नातू जवळ आला तरी तोंड फिरवतो. घरचे 'खचलाय बिचारा' म्हणतात आणि विषय तिथंच संपतो.

तो संपू नये. लकव्यातून वाचलेल्या साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. मेंदूला झालेली इजा आणि हातापायाबरोबर गेलेल्या कमाईचं, मानाचं दुःख, दोन्ही त्यामागे असतात. असा माणूस व्यायाम टाळतो, रक्तदाबाची गोळी चुकवतो. त्यामुळे अंगाची सुधारणाही अडते.

लकवा हा शहरी आजार नव्हे, हे महाराष्ट्रातच दिसून आलं आहे. गडचिरोलीतल्या ८६ गावांत 'सर्च' संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१३ या काळातल्या मृत्यूंची कारणं शोधली. दर सात मृत्यूंमागे एक लकव्याचा निघाला. जे वाचतात, त्यांच्या मनाची विचारपूस करायला गावात कोण आहे?

अलीकडे शहरातले नातेवाईक फोनवर एक उपाय सुचवतात : 'अ‍ॅक्युपंक्चर करून बघा.' या चिनी सुया भारतात आल्या, त्या गोष्टीची सुरुवात महाराष्ट्राशीही जोडलेली आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कोलकात्याचे बिजयकुमार बसूही होते. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. बसू मात्र १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकून आले आणि कोलकात्यात तिचा पाया घातला.

मनाच्या उपचारात केसाहून थोडी जाड सुई टोचतात, त्या जागांत बहुतेकदा या दोन असतात. एक जागा माथ्यावर, दोन्ही कानांच्या टोकांपासून वर ओढलेल्या रेषा जिथं मिळतात तिथं. दुसरी दोन भुवयांच्या मधोमध, कुंकू लावतात तिथं. सुईत औषध नसतं. कधी दोन सुयांना तारा जोडून सौम्य वीज सोडतात. रुग्ण वीस-तीस मिनिटं पडून राहतो.

गुण येतो का? हाँगकाँगमध्ये लकव्यानंतर नैराश्य आलेल्या ४३ रुग्णांवर एक चाचणी झाली. सगळ्यांना फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी आणि अंगावर सुया मिळत होत्या. त्यांतल्या काहींना शिवाय डोक्यावर विजेच्या सुया दिल्या, तर बाकीच्यांच्या डोक्यावर न टोचता नुसता देखावा केला. पहिल्या गटाची उदासी अधिक उतरली. ही गोष्ट आशेची आहे, पण माणसं ४३ आणि काळ चार आठवड्यांचा. २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने नैराश्यावरच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या ६४ चाचण्या एकत्र तपासल्या. सुयांनी उदासी काहीशी कमी होत असावी, पण पुरावा कच्चा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. यातली मुख्य अडचण अशी की सुई खरी की नावापुरती, हे टोचणाऱ्याला ठाऊक असतं आणि अर्धा तास आपुलकीने कोणी जवळ बसलं, याचाही गुण येतोच.

गोळीही निर्दोष नाही. ब्रिटनमध्ये ३,१२७ लकवाग्रस्तांना सहा महिने फ्लुओक्सेटिन किंवा तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी दिली. औषध घेणाऱ्यांत नैराश्य कमी आढळलं, पण हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून ती प्रत्येक रुग्णाला सरसकट देण्यापेक्षा, नैराश्य तपासून डॉक्टरच्या देखरेखीखाली देणं बरं. चालू गोळी मात्र सुयांच्या भरवशावर मनाने बंद करणं धोक्याचं.

हाँगकाँगच्या चाचणीत आठवड्याला तीन, अशा बारा बैठका होत्या. गोरेगावच्या घरासाठी शहराच्या बारा फेऱ्या म्हणजे काय? एसटीच्या उंच पायऱ्या चढताना लुळा पाय एकाने उचलून ठेवायचा, दुसऱ्याने वरून काखेत हात घालून ओढायचं. नाहीतर दर वेळी गाडी भाड्याने करायची. सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच. सोयाबीनच्या काढणीत तर ते जमणारच नाही. जवळपास सोय असेल, खर्च झेपत असेल, तर चालू उपचाराला जोड म्हणून सुया घेऊन पाहायला हरकत नाही. त्यासाठी कर्ज काढणं किंवा रान विकणं चुकीचं.

जायचंच ठरलं तर उपचारकाची नोंदणी विचारावी. महाराष्ट्रात त्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. सुयांचं पाकीट समोर फोडायला लावावं. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ-ब पसरू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचं आधी सांगावं आणि छातीवर खोल सुई टोचू देऊ नये. फुफ्फुसाला इजा झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

आणि 'मला आता जगायचं नाही' असे शब्द निघाले, तर सुईची वाट पाहत बसू नये. रुग्णाला एकटं न ठेवता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठावं. तोवर १४४१६ या 'टेलिमानस'च्या मोफत सरकारी क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येतं.

ज्यांची वाचाच गेली आहे, ते हा फोन करणार कसे? त्यांची उदासी घरच्यांनी कशावरून ओळखायची, ते पुढच्या भागात.