अडकलेल्या गिऱ्हाइकाचा भाव

वेबसाइट चालवणाऱ्या लहान व्यावसायिकांची एक तक्रार गेली दहा-बारा वर्षे देशोदेशी सारख्याच शब्दांत ऐकू येते. सुरुवातीला पान झटकन उघडायचे, अडचण आली तर चॅटवर जाणकार माणूस भेटायचा. मग पान रेंगाळू लागले, चॅटवर ठरावीक वाक्ये चिकटवणारी माणसे येऊ लागली, साइट अधूनमधून बंद पडू लागली आणि नूतनीकरणाचे बिल मात्र दुपटीने वाढून आले. कंपनी मोठी झाली की आळसावते, असे यावरचे नेहमीचे स्पष्टीकरण असते. ते मला पटत नाही. होस्टिंगच्या, म्हणजे वेबसाइट ठेवायला सर्व्हरवरची जागा भाड्याने देण्याच्या, धंद्यातली ही घसरण ढिलाईतून आलेली नाही. ज्याला जागा बदलणे जड जाते असा ग्राहक हीच खरी मालमत्ता, असे मानून या कंपन्यांची खरेदी-विक्री झाली. त्या हिशेबात सेवेवरचा खर्च कापणे फायद्याचे होते आणि तो कापला गेला.

एन्ड्युरन्स इंटरनॅशनल ग्रुप या अमेरिकी कंपनीचा प्रवास पाहिला तर हा हिशेब उलगडतो. 1997 मध्ये हरी रविचंद्रन यांनी ती स्थापन केली. स्वतःचे नाव लोकांपुढे आणण्यापेक्षा नावाजलेल्या होस्टिंग कंपन्या विकत घ्यायच्या आणि त्यांच्या पाट्या तशाच ठेवायच्या, ही तिची रीत. 2003 मध्ये युटा राज्यातल्या प्रोव्होत मॅट हीटन यांनी सुरू केलेली ब्लूहोस्ट तिने 2010 मध्ये घेतली. ब्रेंट ऑक्सली यांनी 2002 मध्ये फ्लोरिडातल्या विद्यापीठात शिकताना वसतिगृहाच्या खोलीतून उभी केलेली होस्टगेटर 2012 मध्ये तिच्याकडे आली. जानेवारी 2014 मध्ये मुंबईच्या तुरखिया बंधूंच्या डायरेक्टी समूहातला होस्टिंग आणि डोमेनचा (वेबसाइटच्या नावांचा) व्यवसाय, म्हणजे बिगरॉक आणि रिसेलरक्लब, 11 कोटी डॉलरपर्यंतच्या सौद्यात तिच्या ताब्यात गेला. रिसेलरक्लबची जागा घेऊन पुढे आपल्या गावातल्या शाळा, दुकाने, दवाखान्यांना विकणारा वेब डिझायनर त्या दिवशी कुठेही न हलता मॅसॅच्युसेट्समधल्या या कंपनीचा ग्राहक झाला. त्याच्यामागचे शाळा-दवाखानेही झाले, आणि त्यांच्या बिलावरचे नाव जुनेच राहिले.

पाट्या वेगळ्या असल्या तरी खालचा पाया एकच होत चालला होता. 2 ऑगस्ट 2013 रोजी प्रोव्होच्या डेटा सेंटरमधली नेटवर्कची यंत्रणा कोलमडली, तेव्हा ब्लूहोस्ट, होस्टगेटर, होस्टमॉन्स्टर आणि जस्टहोस्ट या चारही नावांचे ग्राहक एकाच वेळी कित्येक तास अंधारात गेले. आपण चार वेगळ्या कंपन्यांचे ग्राहक आहोत अशी समजूत असलेल्यांना आपला मालक एक आहे हे त्या दिवशी कळले. त्याच वर्षीच्या 31 डिसेंबरला पुन्हा तसेच घडले. मधल्या ऑक्टोबरमध्ये कंपनी नॅसडॅक शेअर बाजारात उतरली होती. पुढे 2016 मध्ये तिने कॉन्स्टंट कॉन्टॅक्ट ही ईमेल-प्रचाराची कंपनी सुमारे 110 कोटी डॉलरना घेतली आणि कर्जाचा डोंगर 200 कोटी डॉलरच्या आसपास गेला. जानेवारी 2017 मध्ये ब्लूहोस्टचे युटामधले ओरेमचे कार्यालय बंद करून सुमारे 440 नोकऱ्या संपवण्याचा आणि काम ॲरिझोनातल्या टेंपीला नेण्याचा निर्णय जाहीर झाला. त्या कार्यालयात ग्राहकांचे फोन घेणारी, सर्व्हर ओळखणारी माणसे होती. जून 2018 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने ग्राहकसंख्या फुगवून सांगितल्याचा ठपका ठेवला, आणि आरोप मान्य किंवा अमान्य न करता कंपनीने 80 लाख डॉलरचा दंड भरून प्रकरण मिटवले. या शेवटच्या घटनेकडे मी विशेष लक्ष वेधतो. गुंतवणूकदारांना जो आकडा दाखवायचा होता तो वेबसाइट किती वेगाने उघडते याचा नव्हता, किती ग्राहक पकडीत आहेत याचा होता. 2021 मध्ये क्लिअरलेक या गुंतवणूक संस्थेने कर्जासह सुमारे 300 कोटी डॉलर मोजून ही कंपनी घेतली, वेब डॉट कॉमशी जोडली आणि न्यूफोल्ड डिजिटल हे नवे नाव दिले.

असे घडू शकते, कारण शेअर्ड होस्टिंगमध्ये ग्राहकाला आतले काही दिसत नाही. एका सर्व्हरवर शेकडो खाती ठेवलेली असतात. बहुतेक साइटना दिवसाकाठी मोजकेच पाहुणे येत असल्याने ही विभागणी मुळात शहाणपणाची आहे आणि तिच्यामुळेच वेबसाइट सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पण एका यंत्रावर किती खाती कोंबायची हे मालक ठरवतो. दोनशेंच्या जागी सहाशे बसवली तर पान दोन सेकंद उशिरा उघडते, आणि दोष वर्डप्रेसच्या प्लगइनवर ढकलता येतो. अमर्याद जागा देऊ करणाऱ्या योजनेच्या अटींत फायलींच्या संख्येची मर्यादा असते, प्रोसेसर किती वापरायचा याची असते. शेजारच्या खात्यातून कुणी स्पॅम पाठवला तर सामाईक आयपी पत्ता काळ्या यादीत जातो आणि तुमची कोटेशनेही ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात. 99.9 टक्के सेवेची हमी ऐकायला भक्कम वाटते, पण तिच्यात वर्षाला पावणेनऊ तासांची बंदी बसते. त्याहून जास्त बंद राहिल्यास भरपाई म्हणून बहुधा भाड्याचा काही भाग पुढच्या बिलात वळता होतो. बुडालेल्या धंद्याची कुणी नोंदही घेत नाही. यात भर पडते आगाऊ भरण्याची. कमी दराच्या मोहाने ग्राहक तीन वर्षांचे पैसे एकदम देतो, त्यामुळे आज मदत-केंद्रातली माणसे कमी केली तर बचत या तिमाहीत दिसते आणि वैतागून गेलेल्या ग्राहकाचा तोटा दोन-तीन वर्षांनी. कर्जाचे व्याज मात्र दर तिमाहीला भरावे लागते. अशा वेळी व्यवस्थापक कुठली बाजू निवडेल हे सांगायला अंतर्ज्ञान लागत नाही.

मग चांगली सेवा देणारा प्रतिस्पर्धी या कंपन्यांना बाजारातून का हुसकावत नाही? अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या पुस्तकात नेमका हा प्रश्न हाताळला. ढासळत्या संस्थेपुढे माणूस एक तर निघून जातो किंवा आवाज उठवतो. त्यांचे उदाहरण नायजेरियाच्या रेल्वेचे होते. भुईमुगाची वाहतूक ट्रककडे गेली तरी रेल्वे सुधारली नाही, कारण ज्यांनी आरडाओरडा करून तिला सुधारायला भाग पाडले असते तेच आधी ट्रककडे गेले. होस्टिंगला हे तंतोतंत लागू पडते. सर्व्हरचा वेग मोजता येणारा, लॉग वाचता येणारा ग्राहक पहिल्या वर्षातच आपला स्वतंत्र सर्व्हर घेतो. मागे राहतात ते चिवड्याचे दुकान, होमस्टे, पतसंस्था, मंडळाचे त्रैमासिक चालवणारे लोक, ज्यांची साइट पुतण्याने किंवा एखाद्या डिझायनरने करून दिली आणि पासवर्ड कुठे आहे हेही ज्यांना ठाऊक नाही. हर्शमन यांनी आणखी एक धोका सांगितला होता. सगळ्या कंपन्या सारख्याच वाईट असतील तर स्पर्धा म्हणजे नाराज ग्राहकांची आपसांत अदलाबदल. इथे तर ब्लूहोस्टला कंटाळून होस्टगेटरकडे गेलेला ग्राहक त्याच मालकाच्या दुसऱ्या दारातून आत येतो. आणि चांगली होस्टिंग कंपनी शोधताना तो जी परीक्षणे वाचतो त्यांतली बरीच कमिशनवर लिहिलेली असतात. ब्लूहोस्टच्या भागीदार योजनेत एक ग्राहक आणून देणाऱ्याला 65 डॉलर मिळत, म्हणजे ग्राहकाच्या पहिल्या वर्षाच्या भाड्याहूनही जास्त.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: महिन्याला दीडशे-दोनशे रुपयांत आणखी काय हवे? आक्षेपात तथ्य आहे. स्वस्त जागेकडून बँकेच्या सर्व्हरची अपेक्षा ठेवणे गैर आहे, आणि कंपन्यांचे खर्चही वाढले आहेत. होस्टिंगमध्ये सर्वत्र वापरले जाणारे सीपॅनेल हे सॉफ्टवेअर 2018 मध्ये ओकली कॅपिटल या गुंतवणूक संस्थेकडे गेले आणि 2019 मध्ये त्याची आकारणी सर्व्हरऐवजी खात्यांच्या संख्येवर सुरू झाली. एका यंत्रावर खूप खाती ठेवणाऱ्यांना ते महाग पडले. पण हा आक्षेप चुकीच्या जागी बोट ठेवतो. ग्राहकाची तक्रार स्वस्तात कमी मिळाल्याची नाही. त्याच कंपनीत, त्याच योजनेत, पूर्वीपेक्षा जास्त पैसे देऊन पूर्वीपेक्षा कमी मिळते, ही आहे. दीडशेचा दर फक्त पहिल्या मुदतीपुरता असतो. दर्जा किमतीवर ठरत असता तर नूतनीकरणाच्या वाढीव दराबरोबर तोही वाढायला हवा होता. वाढते ती फक्त किंमत, कारण तोवर ग्राहकाचे ईमेल, जुने फोटो, गुगलवरचे स्थान सगळे तिथे रुजलेले असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दार उघडे आहे, कुणी अडवलेले नाही, जावे. खरे तर या क्षेत्राच्याच इतिहासात त्याचे उत्तर आहे. 1995 पासून नेटवर्क सोल्युशन्स ही एकटी कंपनी डॉट कॉम नावासाठी दोन वर्षांचे 100 डॉलर घेत असे. 1998 मध्ये अशा नावांचा कारभार पाहणारी आयकॅन ही संस्था स्थापन झाली, 1999 मध्ये इतर नोंदणीदारांना परवानगी मिळाली, आणि नाव एकीकडून दुसरीकडे नेण्याचे नियम ठरले. काही वर्षांत तेच नाव वर्षाला दहा डॉलरच्या आसपास मिळू लागले. नुसते स्पर्धक येऊन हे झाले नसते. ग्राहकाला आपले नाव घेऊन निघता येण्याची सोय नियमाने झाली म्हणून झाले. आपल्याकडे 20 जानेवारी 2011 पासून मोबाइल क्रमांक न बदलता देशभर कंपनी बदलता येऊ लागली, त्यामागेही हाच विचार होता. होस्टिंगमध्ये मात्र नाव हलवता येते आणि घर हलवता येत नाही. फायली, डेटाबेस, पाच वर्षांचे ईमेल एका ठरावीक स्वरूपात, ठरावीक मुदतीत हाती देण्याचे बंधन आपल्याकडे कंपनीवर नाही. सीपॅनेलचा पूर्ण बॅकअप दुसऱ्या सीपॅनेलवर बऱ्यापैकी सहज उतरतो. कंपनीने स्वतःचे पॅनेल किंवा ओढून-सोडून पाने बनवणारे साधन दिले की ती वाटही अरुंद होते.

भारतीय ग्राहकाच्या हाती काही आधार आहेत, पण अपुरे. 30 नोव्हेंबर 2023 च्या डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन मांडणीविरुद्धच्या, मार्गदर्शक तत्त्वांतल्या 13 प्रकारांत वर्गणीचा सापळा आणि टप्प्याटप्प्याने फुगणारी किंमत हे दोन्ही आहेत. मात्र 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येतून व्यापारी हेतूने सेवा घेणारा वगळलेला आहे. दुकानाची वेबसाइट चालवणाऱ्याला ग्राहक आयोगापुढे आधी आपण ग्राहक आहोत हेच पटवावे लागू शकते, आणि लाखो लहान व्यावसायिकांना उघड्यावर सोडणारी ही तरतूद बदलायला हवी. कायद्याने तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात: बिलावर मूळ मालक कंपनीचे नाव, पहिल्या दराशेजारी तितक्याच ठळक अक्षरांत नूतनीकरणाचा दर, आणि मागितल्यावर सात दिवसांत दुसरीकडे उतरवता येईल असा संपूर्ण बॅकअप. तोवर डोमेन होस्टिंगवाल्याकडे न ठेवता वेगळ्या नोंदणीदाराकडे, डिझायनरच्या नव्हे तर स्वतःच्या ईमेलवर नोंदवलेले असावे. व्यवसायाचा ईमेल वेगळ्या सेवेत असावा. आणि महिन्याला एक बॅकअप आपल्या संगणकावर उतरवून ठेवावा. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या तारखेआधी निदान दोन महिने हालचाल करावी, कारण स्वयंचलित नूतनीकरणाचे पैसे मुदत संपण्याच्या काही दिवस आधीच कापले जातात आणि परताव्याची अट बहुतेक ठिकाणी फक्त पहिल्या खरेदीला लागू असते.